तिसऱ्यांदा विचारायचं

२५ ऑक्टोबर, रविवार

माझा नवरा डेल गेला तेव्हा पास्टरांनी ही वही दिली होती. म्हणाले, "लोर्ना, बोलवत नसेल तर लिही." चार वर्षं झाली, निम्मी वही अजून कोरी आहे. लिहायला काहीतरी घडावं लागतं ना! आमच्या गावात बर्फ पडतं आणि वितळतं, मधे कॅफेत कॉफी संपते. पण आज घडलंय. माझ्या लेकीला, सोल्वेला मुलाखतीचं बोलावणं आलं.

तिच्या शाळेतल्या सरांनी तिच्या मागे लागून तो अर्ज भरायला लावला होता. कॉलेज पार पूर्वेला, मॅसॅच्युसेट्सला. त्यांची पद्धत अशी की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास कुणी राहत असेल ते येऊन मुलाशी तासभर बोलतं आणि तिकडे आपलं मत कळवतं. आमच्या वाट्याला दोन तासांवरच्या डुलुथ शहरातल्या एक डॉक्टरीणबाई आल्यात, बेनेडेट्टी नावाच्या. मुलाखत कुणाच्या घरी घ्यायची नाही, चारचौघांत घ्यायची, असा नियम आहे म्हणे. सोल्वेनं जागा कळवून टाकली, अर्लीनचा कॅफे, सात नोव्हेंबर, शनिवार.

"अगं, तिथे मी काम करते!"

"शनिवारी तुझी सुट्टी असते. म्हणूनच तर."

"म्हणजे मी नको आहे तिथे?"

"आई, तू समोर असलीस की मला बोलता येत नाही."

मी हसून सोडून दिलं. पण संध्याकाळी एप्रन धुताना कॉफीचा डाग जरा जास्तच घासला. बरोबर आहे तिचं. डॉक्टरीणबाईंसमोर आई कॉफी ओतत फिरणार, कुठल्या पोरीला आवडेल?

२८ ऑक्टोबर

आज स्वयंपाकघरात सराव घेतला. मी रविवारचा कोट चढवला, नाकावर डेलचा चष्मा ठेवला आणि डॉक्टरीणबाई झाले. सोल्वे आधी दहा मिनिटं हसतच होती.

"तुमच्याबद्दल सांगा, मिस टोलेफसन."

"काही विशेष नाही."

"तुम्हाला काय चांगलं येतं?"

"सगळ्यांना येतं तेवढंच."

मला बरं वाटलं. पोरीला वळण आहे. आपली पाठ आपणच थोपटत सुटणाऱ्यांतली नाही ती. हे वळण मीच लावलंय, आणि मला माझ्या आईनं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, ती रीत. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, ते संस्कार. तिसऱ्यांदा विचारलं की खरं सांगायचं. ताटलीतला शेवटचा तुकडा तर कुणीच उचलायचा नाही, अर्धा करायचा, मग त्याचा अर्धा, असं करत करत शेवटी उरलेला चुरा कुत्र्याला. डेलनं मला मागणी घातली तेव्हा मी म्हटलं, "नको रे, तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल." त्यानं मान डोलावली, बूट घातले, परत काढले आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. मग तो निवांत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हं, आता खरं सांग."

१ नोव्हेंबर

या पोरीचं काय बिनसलंय कळत नाही. मुलाखत सहा दिवसांवर आली आणि ही मला तळघरात नेऊन घर तापवायची भट्टी कशी पेटवायची ते शिकवतेय. विझली तर कुठलं बटण दाबून धरायचं, कधी सोडायचं, सगळं. मी म्हटलं, "तू आहेस ना, मला कशाला?" तिनं नुसता माझा हात धरून बटणावर ठेवला. मला काही जमलं नाही. एकदा तर भुवया जाळून घेणार होते.

तिला भीती वाटत असणार. भीती वाटली की ती असं काहीतरी हातानं करत बसते. डेलसारखी.

७ नोव्हेंबर, शनिवार

कुठून सुरुवात करू?

पहाटे अर्लीनचा फोन. कंबर धरली होती तिची. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, गावातली निम्मी माणसं पहाटेच नाश्त्याला येणार, आणि आमची दुसरी बाई टॅमी स्वतःच बंदूक घेऊन रानात गेलेली. नाही कसं म्हणणार? मी सोल्वेला उठवून सांगितलं. तिनं पांघरूण तोंडावर ओढलं आणि आतूनच म्हणाली, "ठीक आहे."

दहापर्यंत सगळे शिकारी नारिंगी कोट घालून रानात पांगले. काउंटरवर तेवढा व्हर्न होता. गुडघ्यामुळे त्याची शिकार सुटली, तेव्हापासून तो हंगामभर इथेच बसून लोकांची कुरापत काढतो. सोल्वे चर्चमध्ये घालायचा निळा स्वेटर घालून आली आणि खिडकीपाशी बसली. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं की आज मी तुला ओळखत नाही.

डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट हरणाच्या रंगाचा लोकरी कोट घालून! व्हर्न स्टुलावरून उठलाच.

"बाई, गाडीपासून इथवर जिवंत आलात कशा?"

"का, काय झालं?"

"आज हा कोट घालून बाहेर पाय टाकू नका, हरीण समजून कुणी गोळी घालेल. निदान हे तरी घाला." त्यानं स्वतःची नारिंगी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. बाई मोठ्यांदा हसल्या आणि टोपी खरंच डोक्यावर घातली. मला त्या तिथेच आवडल्या. पन्नाशीच्या असतील, हात हलवत भराभर बोलणाऱ्या.

मी कॉफी आणि लिंबाच्या वड्यांची ताटली ठेवली आणि बाजूला झाले. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेजारचं टेबल पुसायचं होतं, आणि कान काय मिटता येतात?

"तर सोल्वे, स्वतःबद्दल सांग."

"काही विशेष नाही."

"शाळेत पहिली आहेस असं ऐकलं."

"आमची शाळा लहान आहे."

"बरं, फावल्या वेळात काय करतेस?"

"चर्चमध्ये ऑर्गन आहे. तो वाजवते कधीमधी."

कधीमधी म्हणजे चार वर्षं, दर रविवारी.

"वा! कुणाकडे शिकलीस?"

"असंच. तो बंद पडला होता, मग दुरुस्त झाला."

"कुणी केला?"

"काही जणांनी मिळून."

काउंटरवरून व्हर्न माझ्याकडे बघून कुजबुजला, "काही जण म्हणे! मी नुसती बॅटरी धरली होती. बाकी सगळा ऑर्गन या पोरीनं खोलून लावला, तोही बापाच्या हत्यारांनी. सांगू का मी?"

"तू तुझी अंडी खा," मी म्हटलं.

असं सगळं चाललं होतं. बाई विचारत होत्या आणि माझी पोरगी एकेक गोष्ट झाकून ठेवत होती. ताटलीत शेवटची वडी उरली. सोल्वेनं ती अर्धी कापली आणि अर्धी ठेवली. थोड्या वेळानं त्याचीही अर्धी केली. बाई बघत राहिल्या, मग उरलेला तुकडा सरळ उचलून तोंडात टाकला. व्हर्नचा काटा हवेतच थांबला.

मग त्यांनी विचारलं, "शेवटचा प्रश्न. तुला आमच्या कॉलेजात यायचंय का?"

"नाही, म्हणजे, माझ्याहून लायक पुष्कळ असतील. उगाच कुणाची जागा अडवायला नको."

"अच्छा." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सरळ सांगितलंस ते बरं केलंस. सगळ्यांना आमचंच कॉलेज आवडावं असं थोडंच आहे!" आणि त्यांनी कोटाच्या बाहीत हात घातला.

 बाईंनी पहिलंच 'नाही' खरं धरलं होतं! आणि सोल्वे तशीच बसून राहिली, हात मांडीवर, चेहरा अगदी सभ्य. तिला दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची सवय, आणि समोरचं माणूस निघालेलं. हे मी शिकवलंय तिला. माझ्या सगळ्या वळणाचं हे फळ.

माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं. मी गेले.

"कॉफी घालू?"

"नको, थँक यू."

"थोडीशी?"

"खरंच नको, मला दोन तास गाडी चालवायचीय."

"अर्धा कप?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं, अर्धा कप घाला."

"बघा," मी म्हटलं, आणि माझा आवाज माझाच मला ओळखू येईना, "इकडे असंच असतं, बाई. तीनदा विचारल्याशिवाय खरं उत्तर मिळत नाही. पहिली दोन 'नाही' आम्ही नुसती बरं दिसावं म्हणून म्हणतो."

सोल्वेचा चेहरा लालबुंद झाला. बाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी न्यू जर्सीची आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी तुम्ही एकदा नको म्हणालात की तुमच्या वाटणीचं बहिणीनं खाल्लेलं असायचं." मग बाहीतून हात काढला, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पुन्हा बसल्या. "सोल्वे, तुला यायचंय का?"

"नाही हो, तसं काही नाही," सोल्वे म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

मी स्वयंपाकघरात निघून आले आणि नळ पूर्ण सोडला. तिसरं उत्तर मी ऐकलं नाही. ते ऐकायला मला बोलावलं नव्हतं, हे एक. आणि खरं लिहायचं तर मला ते ऐकायचंच नव्हतं. का, ते मला माहीत नाही.

भांडी घासून बाहेर आले तर दोघी अजून बोलत होत्या. सोल्वे बोलत होती आणि बाई ऐकत होत्या. नंतर गाडीत मी विचारलं, "रागावलीस?"

"नाही."

"नक्की?"

"नाही गं."

तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. मी सगळं नासवलंय.

८ नोव्हेंबर

आज चर्चमध्ये सोल्वेनं शेवटचं स्तोत्र इतकं हळू वाजवलं की म्हाताऱ्यांना श्वास पुरेना. बाहेर पडताना पास्टरांनी विचारलं, "लोर्ना, मुलाखत कशी झाली?" म्हटलं, "अगदीच वाईट नाही."

५ डिसेंबर, शनिवार

टॅमीची बदली म्हणून गेले होते. अकराच्या सुमाराला दार उघडून कोण आत यावं? डॉक्टरीणबाई, डोक्यावर व्हर्नची नारिंगी टोपी!

"टोपी परत करायला आले," त्या म्हणाल्या. "आणि लिंबाची वडी खायला." पुढच्या गावच्या दवाखान्यात त्या महिन्यातून एकदा येतात म्हणे. काउंटरवर बसल्या, तीन वड्या खाल्ल्या आणि बिल देता देता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "तुमची मुलगी कशी आहे?"

मी गारच पडले. यांना कसं कळलं? चेहऱ्यावरून असेल, हनुवटी माझीच आहे तिची.

"बरी आहे," मी म्हटलं. "अगदीच वाईट नाही."

त्या "बरं," म्हणाल्या आणि निघाल्या.

दार बंद झालं आणि मला माझाच असा राग आला म्हणून सांगू! पोरगी तिकडे स्वतःला झाकून बसते, आणि मी, तिची आई, मी तरी काय केलं? तशीच बाहेर धावले. कोट नाही, हातमोजे नाहीत, उणे वीस असेल. बाई गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होत्या.

"ती फार हुशार आहे!" मी ओरडलेच. "तो ऑर्गन तिनं एकटीनं दुरुस्त केलाय. वडील गेल्यावर लाकडं तीच फोडते आणि रात्री अभ्यास करते. एका शब्दानं कधी कुरकुरली नाही. तिच्यासारखी मुलगी या अख्ख्या जिल्ह्यात नाही. आणि ती माझी आहे."

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी हे कुणापुढे बोलले. दात वाजत होते म्हणून, नाहीतर आणखी बोलले असते.

बाईंनी हातातलं खरवडणं टाकलं आणि मला मिठी मारली. "मला माहितेय," त्या म्हणाल्या. "मी माझं मत केव्हाच कळवलंय. त्याला तिथे फार किंमत असते असं नाही, आणि पुढे काय झालं हे आम्हाला नेहमी कळतंही नाही. मी आज त्यासाठी नव्हते आले." मग माझे हात चोळत म्हणाल्या, "तुम्ही कशा आहात?"

"मी? मला काय धाड भरलीय?"

बाईंनी मान हलवली. "मी अजून दोनदा विचारायला हवं, पण तुम्ही गोठाल. आत जा."

चांगल्या आहेत, पण जरा विचित्रच बाई. माझं काय विचारायचं?

१५ डिसेंबर

मिळालं!

सोल्वे फोन हातात घेऊन जिन्यावर बसली होती. माझ्याकडे नुसता पुढे केला. मी तीनदा वाचलं. शिकण्या-राहण्याच्या खर्चाचंही तेच बघणार आहेत. मी तिला उचलायला गेले आणि दोघी पडलो. मग ती उठली, स्वेटर झटकला आणि म्हणाली, "पण मी नाही जाणार."

"काय?"

"डुलुथचं कॉलेज चांगलं आहे. शनिवार-रविवार घरी येता येईल."

मी म्हटलं, "बघू."

हे पहिलं 'नाही' झालं.

२० डिसेंबर

आज बटाटे सोलताना पुन्हा विचारलं. "नाही गं आई, इतक्या लांब कोण जातं!" ती म्हणाली आणि सालं उचलून बाहेर गेली.

दुसरं.

१७ जानेवारी

कॅफेत गर्दी होती. विचारायचं राहिलं.

३१ जानेवारी

सोल्वेला सर्दी झालीय. आजारी माणसाला काय विचारायचं? उत्तर कळवायला मेपर्यंत वेळ आहे.

१३ फेब्रुवारी

सोल्वे शाळेतर्फे दोन दिवस डुलुथला गेलीय. दुपारी घरी आले तर घर गार. भट्टी विझलेली! व्हर्नला फोन करायला उचलला आणि ठेवला. खाली गेले. बटण दाबून धरलं, मनात मोजलं, सोडलं. नाही पेटली. पुन्हा धरलं. तिसऱ्या वेळी आत निळी ज्योत भक्कन उठली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग तिथेच पायरीवर बसले. आणि आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नोव्हेंबरात भट्टी. नंतर बर्फ उडवायचं यंत्र सुरू करायला शिकवलं. परवा पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं ते दाखवलं. मला वाटायचं, पोरीला भीती वाटतेय. भीती वाटतच होती तिला. मी मागे एकटी कशी राहीन याची.

खूप रडले. घर ऊबदार झालं तरी वर आले नाही.

तरीही उद्या ती आली की विचारीन, असं नक्की लिहवत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की ती खरं सांगेल, आणि ते खरं काय आहे हे मला कळून चुकलंय. मी तिची आई आहे, आणि मला तिला पाठवायचं नाही. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे दुसरीकडे कुठे बोलायला नको.

३० एप्रिल, शुक्रवार

तळ्यावरचं बर्फ फुटलं. उद्या उत्तर कळवायचा शेवटचा दिवस.

सकाळी लिंबाच्या वड्या केल्या. सोल्वे शाळेतून आली, दोघी स्वयंपाकघरात बसलो, इकडचं तिकडचं बोललो. तिनं डुलुथच्या कॉलेजचा विषय काढला, मी पावसाचा काढला. ताटलीत एक वडी उरली. तिनं ती अर्धी केली. मी उरलेल्या अर्धीची अर्धी केली. तिनं पुन्हा सुरी उचलली.

"सोल्वे, तुला तिकडे जायचंय का?"

सुरी थांबली. तिला कळलं की हे तिसरं आहे. तिनंही मोजलं होतं.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "खूप."

मी मान डोलावली. 

"त्या डॉक्टरीणबाईंनाही तिसऱ्यांदा हेच सांगितलंस?"

"हो. त्या म्हणाल्या, मग अडलंय कुठे? मी म्हटलं, मघाशी शेजारी एकच टेबल चौथ्यांदा पुसत होती ना, ती माझी आई आहे. तिला एकटं सोडवत नाही."

म्हणून ती म्हणाली होती, तू समोर असलीस की बोलता येत नाही. आणि मी मेली एप्रनचे डाग घासत बसले होते!

"आई, तू राहशील ना एकटी?"

"न राहायला काय झालं?"

"राहशील?"

"अर्लीन आहे, व्हर्न आहे. भट्टी तर आता मी झोपेतसुद्धा पेटवीन."

तिनं सुरी खाली ठेवली आणि माझा हात धरला. अगदी तसाच, भट्टीच्या बटणावर ठेवला होता तसा.

"आई. राहशील?"

मग मीही खरं सांगितलं. "नाही गं. मला नाही करमणार. घर खायला उठेल. रविवारी ऑर्गनवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. तरी तू जा. तू गेली नाहीस तर त्याहून वाईट वाटेल."

ती रडली, मी रडले. डेल असता तर तोही रडला असता आणि डोळ्यांत लाकडाचा भुसा गेला म्हणाला असता. मग सोल्वेनं माझ्यासमोरच हो कळवून टाकलं.

ताटलीत तो एवढासा तुकडा तसाच होता. तिनं तो कापला नाही. उचलून माझ्या तोंडापुढे धरला. मी एकदाही नको म्हटलं नाही.